मुंबईत नवे आहात? गेटवेच्या आधी मैदानं बघा

नोकरी किंवा शिक्षणासाठी मुंबईत आलेला माणूस पहिल्या रविवारी गेटवेला जातो, ताजसमोर फोटो काढतो, संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून घाईनं परततो. त्यात वाईट काही नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की या शहरात मोठ्या गोष्टी बहुतेक उघड्यावर घडल्या, मैदानात, चौकात, वाळूवर. फोटो मात्र शेजारच्या इमारतीचा निघतो. म्हणून या लेखातला रस्ता मैदानांना धरून आखला आहे. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ काढा, चांगल्या चपला घाला. तिकीट लोकलचं, बाकी खर्च चहा-वड्याचा.

आधी वार आणि वेळ ठरवा

दक्षिण मुंबई बघायला रविवारी सकाळी सातची वेळ सगळ्यात चांगली. फोर्टमधली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात आणि मैदानांवर क्रिकेट जोरात असतं. मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्गांवर लोकल बंद ठेवतात. बहुतेक वेळा तो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे त्याआधीच पोहोचायचं. आदल्या दिवशी ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा. सोमवार टाळा, काही संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

नव्या माणसाला बसणारा नेहमीचा भुर्दंड म्हणजे साध्या तिकिटावर फर्स्ट क्लासच्या डब्यात चढणं. डब्यावर लिहिलेलं वाचा, मगच पाय ठेवा. गर्दीच्या वेळी 'मी नवीन आहे' हे कारण टीसीला सांगून उपयोग होत नाही.

पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे. पावसाळ्यात छत्रीसुद्धा, पण पावसाळा आहे म्हणून बेत रद्द करू नका. कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा ओल्या खेळपट्ट्यांसाठीच प्रसिद्ध आहे. चिखलात उभ्या राहणाऱ्या फलंदाजाला बघितल्याशिवाय मुंबईचं क्रिकेट कळत नाही, असं मानणारे लोक इथे आहेत आणि मी त्यांच्यातलाच.

पहिली सकाळ: सीएसएमटीपासून रीगलपर्यंत

सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (जुनं व्हीटी), गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. लोकलच्या बाजूच्या जुन्या तिकीट दालनात जा आणि मान वर करा. छतावर सोनेरी तारे दिसतील. त्यामुळे या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. रोज हजारो माणसं त्याखाली रांगेत उभी राहतात आणि वर बघत नाहीत.

मग बाहेर येऊन इमारत समोरून बघा. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ ला सुरू झालं आणि १८८८ ला पुरं झालं. २००४ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान.

इथे पहिली सवय लावून घ्या: इमारतीचं वर्ष आणि घटनेचं वर्ष वेगळं ठेवायचं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच परिसरातल्या बोरीबंदरहून ठाण्याला निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. तेव्हा ही दगडी इमारत नव्हती. पुढे ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांना घेऊन एक खास गाडी इथूनच सुटली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं, नेहरू-पटेल वगैरेंना नगरच्या किल्ल्यात. त्या गाडीच्या आधीची गोष्ट आपण दुसऱ्या सकाळी बघणार आहोत. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात गोळीबार झाला, तेव्हा स्थानकाच्या उद्घोषकानं आपली खोली न सोडता ध्वनिक्षेपकावरून लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगितलं. त्यानं बरेच जीव वाचले. एकाच जागेच्या या गोष्टी आहेत. पाटीवर सगळ्या मावत नाहीत.

समोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 'आराम'चा वडापाव मिळतो. खा आणि भुयारी मार्गानं रस्ता ओलांडा. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. पुढ्यातला पुतळा फिरोजशहा मेहतांचा. इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला या.

आझाद मैदान: इथे घाई करू नका

आधी हे मैदान आलं कुठून ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. इंग्रजांच्या किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून मोठी जागा मोकळी ठेवलेली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या, मोकळ्या जागेतून रस्ते गेले, आणि उरलेले तुकडे म्हणजे आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं. मुंबईला श्वास घ्यायला जागा उरली ती तोफांच्या कृपेनं.

त्याच तोफांचा एक प्रसंग असा. १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना उठावाच्या कटाच्या आरोपावरून या एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. अठराशे सत्तावन्न म्हटलं की आपण मीरत आणि झाशीकडे बघतो. इथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना विचारलंत तर शंभरात एखाद्याला माहीत असेल.

आता मैदानात शिरा. एका वेळी कितीतरी सामने चालू असतात, एकाचा लाँगऑफ दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. मधून जाणारी पायवाट आहे तिच्यावरूनच चाला. खेळपट्टी ओलांडायची नाही आणि चेंडूकडे लक्ष ठेवायचं. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी सेंट झेव्हियर्सविरुद्ध ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, ती इथल्याच ससानियन क्लबच्या मैदानावर. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. डाव घोषित करा म्हणून त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर यांचे सहायक सीमारेषेवरून हाका मारत होते आणि हे दोघे तिकडे बघतच नव्हते. ही जागा शोधायची तर नकाशा उघडू नका, तंबूच्या सावलीत बसलेल्या एखाद्या जुन्या क्लबवाल्या काकांना विचारा. ते जागा दाखवतील आणि तासभर सोडणार नाहीत. तो तास द्या.

दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना. आत सभासदांनाच प्रवेश, पण कुंपणापलीकडचं मैदान बाहेरून दिसतं. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये इथे झाला. एका बाजूला भारताचे कर्णधार सी. के. नायडू, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचे डग्लस जार्डिन. पदार्पणातच लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा केल्या, भारताचं हे पहिलं कसोटी शतक. सामना इंग्लंडनं ९ गडी राखून जिंकला, पण लोकांच्या लक्षात शतक राहिलं. हा जिमखाना तेव्हा फक्त युरोपियनांसाठी होता, हे विसरून त्या शतकाकडे बघू नका. त्याच्याही पन्नासेक वर्षं आधी गोऱ्यांचे पोलोचे घोडे पारशी-हिंदू पोरांच्या खेळपट्ट्या उखडून टाकत आणि इथल्या खेळाडूंनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले होते. म्हणजे या गवतावर कोणी खेळायचं हा वाद कसोटी क्रिकेटपेक्षा जुना आहे.

मैदानाचा आंदोलनासाठी राखलेला कोपरा बहुतेक पर्यटक टाळतात. तिथे मुद्दाम दहा मिनिटं थांबा, शक्यतो कामाच्या दिवशी. राज्यभरातून शिक्षक, अंगणवाडी सेविका, एसटी कर्मचारी, प्रकल्पग्रस्त इथेच येऊन बसतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत निघालेले शेतकरी इथे पोहोचले. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांची अडचण होऊ नये म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून ते रात्रीतून चालत आले होते. तळपायाला फोड आलेल्या माणसांनी घेतलेला तो निर्णय मला या मैदानावरच्या कुठल्याही शतकापेक्षा मोठा वाटतो. आंदोलकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गाव कुठलं, मागणी काय, हे विचारलंत तर सगळे सांगतात. कदाचित तुमच्याच तालुक्यातलं कोणी भेटेल.

हुतात्मा चौक: मोर्चाची वाट पुरी चाला

फॅशन स्ट्रीटच्या बाजूनं महात्मा गांधी रस्त्यानं दक्षिणेला चालत राहा, दहाएक मिनिटांत हुतात्मा चौक येतो. आता खाली मेट्रोचं याच नावाचं स्थानकही आहे. मेट्रोनं येणाऱ्यांनी इथून उलटं आझाद मैदानाकडे गेलं तरी चालेल.

चौकात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. रोमन देवी फ्लोराचं कारंजं १८६४ चं, पोर्टलँडहून आणलेल्या दगडाचं. त्याच्याजवळ मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं हुतात्मा स्मारक, १९६१ चं. नवखे लोक कारंज्याचा फोटो काढतात, कारण ते जास्त देखणं आहे. तुम्ही दोन्हीला पाठ करून दक्षिणेकडे तोंड करा.

२१ नोव्हेंबर १९५५. भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी चिन्हं दिसत होती. आदल्या दिवशी चौपाटीच्या सभेत मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि काँग्रेस नेते स. का. पाटील यांच्या भाषणांनी लोक चिडलेले होते. संप पुकारला गेला, माणसं इथे जमली. त्यांना जायचं होतं विधिमंडळावर, म्हणजे तेव्हाच्या कौन्सिल हॉलवर. पोलिसांनी गोळीबार केला, १५ जण गेले. पुढच्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळीबार झाले. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो मुंबईसह. लोकांच्या तोंडी अजूनही '१०५ हुतात्मे' असतं, यादीतली नावं नंतर वाढली.

तो कौन्सिल हॉल अजून उभा आहे. रीगल सिनेमाशेजारची दगडी इमारत, आता तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. सुरुवातीला, १८७६ मध्ये, ती खलाशांसाठी बांधलेली होती आणि तीही स्टीव्हन्सचीच. चौकापासून तिथपर्यंत सुमारे एक किलोमीटर. त्या मोर्चाला जिथे जायचं होतं तिथवर आपण चालत जायचं.

वाटेत उजव्या हाताला उच्च न्यायालय लागतं. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला इथे चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. ज्या दालनात शिक्षा सुनावली तिथे टिळकांचे त्या वेळचे उद्गार पाटीवर कोरलेले आहेत. ती लावली १९५६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या काळात. न्यायालय रविवारी बंद असतं. कामाच्या दिवशी सुरक्षा तपासणी असते, आत फोटो काढता येत नाहीत आणि नुसतं फिरायला आत सोडतीलच असं नाही. हवं तर ओव्हल मैदानावर जा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि न्यायालयाचे गॉथिक कळस, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या गोलसर गॅलऱ्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं ही दोन्ही घराणी एकत्रच यादीत घेतली.

पुढे काळा घोडा. इथली लोखंडी सांगाड्याची मोडकळलेली इमारत म्हणजे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली, तिकीट एक रुपया. त्याच सुमारास शहरात सुरू झालेल्या या नव्या खेळानं भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, पुढे स्वतःचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. इमारतीच्या अगदी खाली उभे राहू नका, रस्त्यापलीकडून बघा.

रीगलच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते पूर्वीचं सर कावसजी जहांगीर सभागृह. १९११ मध्ये बांधलेल्या या हॉलमध्ये सभा झाल्या, मैफली झाल्या, आणि १९९६ पासून चित्रं लागली. पाय दुखत असतील तर आत जाऊन बसा, गारवा मिळेल आणि चित्रंही बघून होतील.

इथवर आलात तर गेटवे पाच मिनिटांवर आहे, जाऊन या. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला तेव्हा ही कमान नव्हती, पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चं. जी गोष्ट खरोखर या कमानीखाली घडली ती २८ फेब्रुवारी १९४८ ची: ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, इथून बोटीत बसली.

दुसरी सकाळ: ग्रँट रोड ते चौपाटी

ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा, नाना चौकातून ऑगस्ट क्रांती मैदानाकडे चाला. हे जुनं गवालिया टँक, गुरं धुण्याचा तलाव बुजवून झालेलं. पहिल्या नजरेला निराशा होते. मैदानाचे तुकडे पडले आहेत, कुठे बाग, कुठे मुलांचा खेळ, एका बाजूला स्मारक. इथे एवढी माणसं मावली कशी, असा प्रश्न पडतो.

म्हणून आधी कुंपणं मनातून काढून टाका. ८ ऑगस्ट १९४२ च्या संध्याकाळी इथल्या मंडपात काँग्रेस महासमितीनं 'छोडो भारत' ठराव मंजूर केला. नेहरूंनी मांडला, पटेलांनी अनुमोदन दिलं, गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' म्हटलं. हे आपण शाळेत शिकतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. मैदानावर झेंडावंदन ठरलेलं होतं आणि ते करायला एकही पुढारी शिल्लक नव्हता, सगळे त्या व्हीटीच्या गाडीत. पोलिसांनी मैदान ताब्यात घेतलेलं. अशा वेळी अरुणा असफ अली पुढे झाल्या आणि त्यांनी झेंडा फडकवला. त्यांचे पती पकडलेल्यांत होते. लगेच अश्रुधूर आणि लाठ्या सुरू झाल्या. ८ तारखेपेक्षा ९ तारीख या मैदानाची जास्त आहे, असं माझं मत.

शेजारीच तेजपाल सभागृह. २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. ७२ प्रतिनिधी होते आणि अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. ते व्हायचं होतं पुण्यात, पण तिथे पटकीची साथ आली आणि मान मुंबईला गेला. पुणेकर मित्रासोबत फिरत असाल तर हे जरा जपून सांगा.

तिथून गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवर मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे गच्चीवरच्या तंबूतून त्यांना अटक झाली. खालचं ग्रंथालय, वरची त्यांची खोली आणि बाहुल्यांचे छोटे देखावे बघायला पाऊण तास पुरतो. सकाळी साडेनऊच्या आधी जाऊ नका, दार उघडलेलं नसतं.

मग गिरगाव चौपाटी. भेळेच्या आधी टिळकांच्या पुतळ्यापाशी थांबा. १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले आणि खास परवानगी घेऊन अंत्यसंस्कार या वाळूवर झाले. भर पावसात अफाट गर्दी लोटली होती, गांधीजींनी खांदा दिला. ज्यांनी गणपती रस्त्यावर आणला त्यांचा निरोप याच किनाऱ्यावर झाला. गिरगावात आत शिरलात तर केशवजी नाईक चाळ आहे, तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा. चाळीत लोक राहतात. चौकात उभं राहून बघा, दारांत डोकावू नका. भूक लागली असेल तर 'विनय'ची मिसळ आणि 'पणशीकर'चं पीयूष, याच क्रमानं.

एक संध्याकाळ दादरला

दादर पश्चिमेहून शिवाजी पार्क पंधरा-वीस मिनिटं. इथे बघायचं काय, असं विचारू नका, कट्ट्यावर बसा. १९२५ चं माहीम पार्क, अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकारानं १९२७ मध्ये महाराजांचं नाव मिळालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या, ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथेच झाला. सभा नसलेल्या दिवशी मैदान नेटमधल्या पोरांचं आणि कट्टा निवृत्त लोकांचा.

तिथून समुद्राकडे चालत दहा मिनिटांवर चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे अंत्यसंस्कार या किनाऱ्यावर झाले. एरवी शांतपणे दर्शन घेता येतं. त्यांचं घर, राजगृह, पूर्वेला हिंदू कॉलनीत आहे. त्यांनी ते पुस्तकांसाठी बांधलं होतं.

पण जमलं तर ६ डिसेंबरला जा. लाखो माणसं येतात, त्यामुळे दादर स्थानकातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. स्वयंसेवक सांगतील त्या रांगेतूनच चाला, लहान मुलांचा हात सोडू नका आणि दर्शनाची रांग फार लांब असेल तर शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे वळा. एवढी मराठी पुस्तकं एका जागी, एवढ्या स्वस्तात आणि एवढ्या लांबून आलेल्या लोकांना विकली जाताना शहरात दुसरीकडे दिसत नाहीत. मोठी पिशवी न्या. नेटवर्क गर्दीत जातं म्हणून रोख पैसे ठेवा, आणि परतताना दादरऐवजी माटुंगा रोड किंवा प्रभादेवीपर्यंत चालत जाऊन गाडी पकडा.